घरटॅक्सची थकबाकी आणि आपली पांढरी

मार्च लागला की भोंग्याची गाडी गल्लीत येते. “थकबाकी भरा, नाहीतर जप्ती.” मग कपाटातून बिल निघतं, आणि बिलावर नाव असतं आजोबांचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. घरात तीन भाऊ, आणि तिघांचंही म्हणणं एकच: “माझ्या नावावर थोडीच आहे?”

चंद्रपूर काय, गडचिरोली काय, हे घरोघरी आहे. यात फक्त आळस आहे असं मला वाटत नाही. मुळात हा टॅक्स कशावर आहे, हेच आपल्याला कोणी नीट सांगितलेलं नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

जुनी माणसं गावाचे दोन भाग करत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. काळीचा सारा वेगळा. भोसल्यांच्या राज्यात वस्तीतल्या शेतीबाहेरच्या लोकांवर, म्हणजे कारागीर, दुकानदार, व्यापारी यांच्यावर जो कर होता त्याचं नावच ‘पांढरी’ पडलं. 1854 ला नागपूरचं राज्य खालसा झालं, इंग्रज आले, पण ही पट्टी त्यांनी सोडली नाही. उलट 1867 मध्ये मध्य प्रांतासाठी तिचा खास कायदा केला. त्याच 1867 मध्ये आपल्या चांद्याला नगरपालिका आली. एकाच वर्षी दोन्ही. पुढे पांढरी बंद झाली. वस्तीत राहणाऱ्याने वस्तीचा खर्च द्यायचा, हा विचार मात्र घरपट्टीच्या रूपाने राहिला.

महत्त्वाचं हे की यात जमिनीची मालकी कुठे विचारलेलीच नव्हती. मालगुजारी गावात जमीन मालगुजाराची, घर रयतेचं. 1951 मध्ये मालगुजारी गेली तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. आपल्याकडे वस्तीच्या जागेला आजही ‘आबादी’च म्हणतात. नझुलवरचं घर असो, आबादीतलं असो की सातबारा नसलेलं, टॅक्स लागतो तो घराला. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नाव आहे म्हणजे मी मालक, हे खरं नाही. आणि माझं नाव नाही म्हणजे मला टॅक्स नाही, हेही खरं नाही. थकबाकी आजोबांसोबत जात नाही, ती घरातच राहते.

महापालिकेच्या 1949 च्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलं आहे: सरकारचा जमीन महसूल वगळला तर मालमत्ता कराचा घरावर पहिला बोजा. चंद्रपूर 2011 मध्ये महापालिका झालं, तेव्हापासून आपण त्या कायद्याखाली आहोत.

या बोजावर अहमदाबादची एक जुनी केस आहे. तेव्हा तिथेही हाच मुंबई प्रांताचा कायदा होता. एका माणसाने कोर्टाच्या लिलावात घर घेतलं. नंतर महापालिकेने आधीच्या मालकाची थकबाकी काढून तेच घर जप्त केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1971 मध्ये निकाल लागला: ज्याने मोबदला देऊन घर घेतलं आणि ज्याला थकबाकीची माहिती नव्हती, त्याच्याविरुद्ध हा बोजा वापरता येणार नाही, कारण कायद्यात तसं स्पष्ट म्हटलेलं नाही. वाचायला छान वाटतं. पण यावर विसंबून घर घेऊ नका बाप्पा. “मला माहीत नव्हतं” हे सिद्ध करता करता तो माणूस दिल्लीपर्यंत गेला होता. विक्रीपत्राआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागणं एका दिवसाचं काम आहे. आणि वारसांना तर ही सवलत नाहीच, त्यांनी घर विकत घेतलेलं नसतं.

आता पालिका आत्ताच एवढ्या मागे का लागल्या? पूर्वी नगरपालिकेचं पोट जकातीवर भरायचं. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली. चंद्रपूर महापालिका झाल्यावर एलबीटी आला, तो 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, 2017 मध्ये जीएसटी आला. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलं ते मुख्यतः घरटॅक्सचं. त्यामुळे भोंगा मोठा झाला.

खरी मार बसते ती शास्तीची. महापालिका आणि नगरपालिकेत दर महिन्याला 2 टक्के. समजा वर्षाचा टॅक्स 3,000 आहे आणि पाच वर्षं भरला नाही. मूळ रक्कम 15,000. ढोबळ हिशेबाने शास्ती 10,800. गडचिरोली जिल्ह्यातली कोरची, एटापल्ली, भामरागडसारखी तालुक्याची गावं 2015 च्या सुमारास नगरपंचायत झाली, तिथेही हाच दर. ग्रामपंचायतीच्या सवयीने “पाहू पुढच्या वर्षी” म्हणणाऱ्यांना हे उशिरा कळलं.

म्हणून कार्यालयात गेल्यावर “एकूण किती?” विचारू नका. वर्षवार मूळ कर किती, शास्ती किती, हे वेगळं लिहून मागा. जुन्या पावत्या सोबत न्या. भरलेली वर्षंही कधीकधी मागणीत उभी दिसतात. आकारणीच चुकीची वाटत असेल तर शास्ती माफीची वाट पाहू नका. महापालिकेत कोर्टात अपील करायला बिलानंतर 15 दिवसच मिळतात आणि रक्कम आधी जमा करावी लागते. वाद नुसता शास्तीचा असेल तर लोकअदालत किंवा अभय योजना निघते तेव्हा जा. सूट मिळते ती बहुतेक शास्तीत, मूळ करात नाही. त्याच फेरीत वारसाचा फेरफार अर्जही देऊन टाका.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मात्र इच्छुकांची थकबाकी रातोरात भरली जाते. बिलानंतर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो, हे त्यांना पाठ असतं!

आपल्या जंगलपट्ट्यात या पावतीला आणखी एक मोल आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियमांत दाव्यासाठी जे पुरावे चालतात त्यात घरपट्टीची पावती नावानिशी लिहिलेली आहे. आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं. एकटी पावती पुरत नाही, दुसरा पुरावा जोडावा लागतो. पण ज्या घरात सातबारा कधी नव्हताच, तिथे 1970 ची फाटकी पावतीसुद्धा मोठी असते. मालकी न दाखवणारा कागद, पण तुम्ही इथे राहत होता हे दाखवणारा. आणि थकबाकीला कंटाळून आपण याच पावत्या रद्दीत घालतो.

कोणाच्या पत्र्याच्या पेटीत चांदा जिल्ह्याच्या काळातली, म्हणजे जुनी घरटॅक्सची पावती असेल तर नाव झाकून फोटो टाका. त्यावर कर कोणत्या नावाने लिहिला आहे ते पाहायचं आहे.