चिखल, स्टड आणि गुडघा

४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना भर पावसात सुरू झाला. हंगेरीचा संघ चार वर्षांत एकही आंतरराष्ट्रीय सामना हरलेला नव्हता. याच स्पर्धेत, दोन आठवड्यांपूर्वी, त्याने पश्चिम जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडवला होता. अंतिम सामन्यातही आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. तरीही सामना ३-२ असा जर्मनीने जिंकला.

या विजयाच्या कथेत बुटांचा उल्लेख हटकून येतो. जर्मन संघाबरोबर आडी डासलर हा बुटांचा कारखानदार होता. त्याच्या बुटांच्या तळाचे स्टड आटे फिरवून बदलता येत. पाऊस पाहून लांब स्टड लावण्यात आले. (ही कल्पना आधी कोणाची, याबद्दल त्याच्या आणि त्याचा भाऊ रुडॉल्फ याच्या कंपन्यांत पुढे वाद राहिला.)

लांब स्टडने काय साधते? ६० किलो वजनाचा विद्यार्थी एका पायावर उभा आहे असे समजू. त्याचा भार सुमारे ६०० न्यूटन. सपाट तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ न्यूटन येतो. तोच भार प्रत्येकी एक चौरस सेंटिमीटरच्या सहा स्टडवर आला, तर दाब १०० न्यूटन, म्हणजे पंचवीसपट होतो. त्यामुळे स्टड मातीत रुततो आणि पाय मागे रेटताना त्याच्या मागची माती त्याला अडवते. चिखलात वरचा थर निसरडा असतो. खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचायचे तर स्टड लांब हवा.

अर्थात सामना केवळ बुटांनी जिंकला, असे म्हणता येणार नाही. हंगेरीचा कर्णधार पुश्काश घोट्याच्या दुखापतीनंतर खेळत होता. इतिहासात एकच कारण शोधण्याचा मोह टाळलेला बरा.

मग स्टड जितके लांब तितके चांगले, असे मानायचे का? याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. तेथील अमेरिकन फुटबॉल हा अंगाला अंग भिडवून खेळायचा खेळ. त्यात पाऊण इंच लांबीच्या सात स्टडचे बूट रूढ होते. जोसेफ टॉर्ग आणि थिओडोर क्वेडनफेल्ड यांनी फिलाडेल्फियातील शालेय खेळाडूंच्या दुखापतींच्या नोंदी अभ्यासून १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आखूड आणि संख्येने जास्त स्टड असलेले बूट वापरल्यावर गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या, त्यांची तीव्रताही घटली. कारण सरळ आहे. पाऊल जमिनीत घट्ट अडकले आणि शरीर वळले, की तो पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा. पीळ सोसण्याची त्याची क्षमता थोडी. म्हणजे धावताना पकड हवी, पण वळताना पाऊल सुटायलाही हवे.

प्रत्येक खेळाचे बूट याच हिशेबाने बनतात. कमी अंतराच्या शर्यतीत धावपटू चवड्यावर आणि प्रामुख्याने पुढच्या दिशेने धावतो, म्हणून त्याचे खिळे फक्त चवड्याखाली असतात. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाज पुढचे पाऊल जोराने रोवतो, म्हणून त्याला टाचेखालीही खिळे लागतात.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पेन्सिलीचा तुकडा ओल्या मातीत आणि वाळलेल्या कडक मातीत सारख्याच जोराने दाबून पाहा. कडक मातीत तो शिरणार नाही. अशा मैदानावर लांब स्टडचा खेळाडू जणू काठ्यांवर उभा असतो, आणि घोटा मुरगळण्याची भीती वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल होणारे शाळेचे मैदान उन्हाळ्यात दगडासारखे होते. म्हणून मुलांसाठी बूट निवडताना दुकानातील नमुन्यांआधी मैदान पाहावे. कोरड्या, टणक जमिनीवर आखूड आणि जास्त स्टडचे बूट बरे. लांब स्टड खऱ्या चिखलासाठीच राखून ठेवावेत.