टेस्लाचे सरकारी कर्ज

जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले, तेव्हा आमच्या दिल्लीच्या कार्यालयात दुपारच्या डब्याबरोबर त्या कंपनीच्या शेअरचीही चर्चा रंगली. एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, "सर, पडत्या काळात अमेरिकी सरकारने हिला पैसा दिला होता ना? मग या भरभराटीत सरकारचा वाटा कुठे आहे?" प्रश्न भाबडा वाटला, तरी तसा तो नव्हता. सरकारने वाटा मागितला होता. तो करारात उतरलाही होता. पुढे तो कसा नाहीसा झाला, ही हकिकत सार्वजनिक अर्थव्यवहारात रस असणाऱ्यांनी सवडीने वाचण्याजोगी आहे.

अमेरिकी काँग्रेसने २००७ च्या ऊर्जा कायद्यात इंधन वाचवणाऱ्या वाहनांच्या कारखान्यांसाठी कर्जयोजना घातली आणि पुढच्या वर्षी २,५०० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची वाट मोकळी केली. नेमके त्याच वर्षी वित्तसंकट कोसळले. टेस्ला तेव्हा रोडस्टर ही एकच महागडी गाडी मोजक्या संख्येने विकत होती आणि डिसेंबर २००८ मध्ये तिची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली होती. मे २००९ मध्ये डाइमलरने ५ कोटी डॉलर देऊन जेमतेम दहा टक्क्यांखालचा हिस्सा घेतला. जूनमध्ये ऊर्जा खात्याने ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले आणि जानेवारी २०१० मध्ये करारावर सह्या झाल्या. ज्या मॉडेल एससाठी हा पैसा होता, ती गाडी ग्राहकांच्या हाती पडायला जून २०१२ उजाडले. म्हणजे सरकारनेही पैसा लावला तो उद्याच्या मालावरच.

या कर्जासोबत सरकारला सुमारे ३०.९ लाख समभागांची वॉरंटे मिळाली. वॉरंट म्हटले की आपल्याला पोलिस आठवतो. येथे त्याचा अर्थ ठरलेल्या भावाने समभाग विकत घेण्याचा हक्क. हा भाव ७.५४ डॉलर होता. जून २०१० मध्येच कंपनीने जनतेला समभाग विकले ते १७ डॉलरने. पण अट अशी, की हक्क पक्का होणार २०१८ च्या अखेरीपासून, आणि तोही त्या वेळी कर्जाची जेवढी बाकी असेल त्या प्रमाणात. बाकी नसेल, तर हक्कही नाही. कंपनीने लवकरात लवकर बाहेरून भांडवल उभारून सरकारचे पैसे फेडावेत, हा त्यामागचा हेतू. कर्जप्रस्तावांच्या फायलींत माझी बरीच वर्षे गेली आहेत. ऋणको बुडाला तर काय, यावर टिप्पणीची पानेच्या पाने भरतात. तो तरला तर काय, हे मी क्वचितच लिहिलेले पाहिले. स्वतः तर एकदाही लिहिले नाही.

मे २०१३ मध्ये टेस्लाने पहिला तिमाही नफा जाहीर केला. जानेवारीत ३५ डॉलरच्या आसपास असलेला समभाग कंपनीने त्याच महिन्यात ९२.२४ डॉलरला बाजारात विकला, जोडीला परिवर्तनीय रोखे काढले आणि सुमारे १०० कोटी डॉलर उभे केले. २२ मे रोजी कर्जाची सारी बाकी, ४५.१८ कोटी डॉलर, मुदतीच्या नऊ वर्षे आधी चुकती झाली. त्या दिवशी वॉरंटेही संपली. ते ९२ डॉलर मोजणाऱ्यांनी विकत काय घेतले होते? कंपनीकडे विकायला मोटार एकच होती. त्यांनी घेतली ती अजून न आलेली मॉडेल एक्स आणि तिच्याही पुढची स्वस्त गाडी. केन्सने १९३६ च्या ग्रंथात सट्ट्याविषयी फारसे बरे लिहिलेले नाही आणि मीही वर्गात तेच शिकलो. पण अमेरिकी करदात्याचे मुद्दल परत आले ते या सट्ट्याच्या कृपेने, हे मान्य करावे लागते.

पुढे समभागाचे २०२० मध्ये एकाचे पाच आणि २०२२ मध्ये एकाचे तीन भाग झाले. त्या हिशेबाने सरकारचे ३०.९ लाख समभाग सुमारे ४.६ कोटी होतात; २०२४ अखेरच्या ४०४ डॉलरच्या भावाने त्यांची किंमत १,८०० कोटी डॉलरच्या वर जाते. सहकाऱ्याने हा आकडा ऐकून डोळे विस्फारले. मला मात्र २०१० सालचा आपला स्पेक्ट्रमचा १ लाख ७६ हजार कोटींचा अनुमानित तोटा आठवला. असे आकडे मागाहून मांडणे सोपे असते. हप्ते वेळेवर फिटत गेले असते, तर २०१८ नंतर थोडीच बाकी उरली असती आणि हक्काचा थोडाच भाग पक्का झाला असता. शिवाय सरकारने समभाग इतकी वर्षे बाळगले असते, यावर माझा विश्वास नाही. मोटारधंद्यात मुरलेल्या डाइमलरनेही उरलेला चार टक्के हिस्सा ऑक्टोबर २०१४ मध्ये विकून टाकला, ७८ कोटी डॉलरला, आणि तेव्हा ते शहाणपणाचेच वाटले. पुढच्या भावाचा गाड्यांच्या खपाशी तरी किती संबंध राहिला? २०२४ मध्ये खप १८.०९ लाखांवरून १७.८९ लाखांवर उतरला आणि समभाग त्याच वर्षी साठ टक्क्यांहून अधिक चढला. खरेदीदारांची नजर चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीवर होती.

तरीही सहकाऱ्याच्या प्रश्नात तथ्य आहे, ते फिस्करमुळे. याच योजनेत या दुसऱ्या कंपनीला ५२.९ कोटी डॉलर मंजूर झाले, १९.२ कोटी दिल्यावर खात्याने हात आखडता घेतला, २०१३ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि १३.९ कोटी बुडाले. बुडालेल्याचा तोटा पुरा सरकारचा, तरलेल्याकडून फक्त व्याज. अशा वाटणीत योजनेचा ताळेबंद जुळायचा कसा?

आणि अमेरिकी सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. १९८० मध्ये क्रायस्लरला वाचवताना कर्जहमीच्या बदल्यात १.४४ कोटी समभागांची वॉरंटे घेतली होती, कर्जफेडीने न संपणारी. क्रायस्लरने १९८३ मध्ये सात वर्षे आधी कर्ज फेडले आणि वॉरंटे सोडून द्या अशी विनवणी केली. सरकारने ती मानली नाही. त्याच सप्टेंबरमध्ये वॉरंटांचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली लागली ३१.१ कोटी डॉलरची आणि ती लावणारी कंपनी होती क्रायस्लरच.

सहकाऱ्याने क्रायस्लरचे नाव आणि साल कागदाच्या कपट्यावर टिपून घेतले. त्याच्या टेबलावर सध्या असाच एक कर्जप्रस्ताव आहे.