सहल, विहीर आणि एक दोरी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. बीड जिल्ह्यातल्या शाळांची यादी बहुधा ठरलेली असते: वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पाणचक्की. पहाटे गाडी निघते, रात्री परत येते. मुले फलकावरची माहिती वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तिचाच निबंध होतो. ही स्थळे पाहू नयेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण आमच्या मते ज्या वास्तूला पुन्हा पुन्हा जाता येते, तीच वास्तू मुलांना अधिक शिकवते. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली सातवाहनकाळची खापरे आणि हस्तिदंती बाहुली काचेमागे असते. ती पाहून आपण थक्क होतो, पण तिला प्रश्न विचारून उत्तर काढणे कठीण. विहिरीचे तसे नाही.

बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधली आणि तिची रचना राजा भास्कर याने केली, असे सांगितले जाते. बीडचा सारा खजिना या विहिरीवर खर्च झाला म्हणून हे नाव पडले, अशी गावात गोष्ट आहे. बांधकामाचे साल हिजरी ९९१ दिले जाते आणि त्यापुढे बरेचदा इसवी सन १५८२ असे छापलेले असते.

इथेच थांबून वर्गात एक गणित करून पाहण्यासारखे आहे. हिजरी वर्ष चांद्र असते. चंद्राचा एक महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून वर्ष ३५४ दिवसांचे. ते आपल्या सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणजे ३३ हिजरी वर्षांत ३२ सौर वर्षेच बसतात. आता ९९१ ला ३३ ने भागा, येणारे ३० त्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा, कारण हिजरी गणना इसवी सन ६२२ पासून सुरू होते. उत्तर येते १५८३. अधिक बारकाईने मोजले तर हिजरी ९९१ ची सुरुवात जानेवारी १५८३ च्या अखेरीस होते. तेव्हा हिजरी साल बरोबर असेल तर १५८२ जुळत नाही. एका वर्षाने इतिहासात फारसे काही बिघडत नाही, हे खरे. पण छापील आकडाही तपासता येतो, हे सातवीच्या मुलाला कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता पाण्याकडे वळू. या विहिरीला जमिनीखालून जाणारे बोगदे आहेत, आणि तिचे पाणी मोट, रहाट किंवा पंप न लावता बलगुजार भागातल्या शेतांपर्यंत पोचावे अशी योजना केलेली आहे. हे कसे साधते? जमिनीला उतार आहे, बोगद्यालाही उतार आहे, पण बोगद्याचा उतार जमिनीपेक्षा कमी ठेवायचा. मग पुढे पुढे जमीन खाली येत जाते आणि एका ठिकाणी बोगद्याचे पाणी आपोआप भूपृष्ठावर येते. फळ्यावर दोन तिरप्या रेषा काढल्या की मुलांच्या हे लगेच ध्यानात येते. शिवाय पाणी जमिनीखालून वाहत असल्याने उन्हाने त्याची वाफ होत नाही. इराणात अशा भूमिगत कालव्यांना कनात म्हणतात. बऱ्हाणपूरची भूमिगत पाणीयोजना आणि मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणलेली नहर ही याच कुळातली कामे. मात्र ती सतराव्या शतकातली, बीडच्या विहिरीनंतर सुमारे तीन दशकांनी झालेली. पाणचक्की पाहायला जाणाऱ्या मुलांना आपल्या गावाशेजारी तिची थोरली बहीण आहे हे बहुधा ठाऊक नसते.

या विहिरीची पातळी दुष्काळातही बदलत नाही, असे पूर्वीपासून म्हटले जाते. यात चमत्कार असण्याचे कारण नाही. घरावरच्या टाकीला वरच्या अंगाला एक नळी असते. टाकी भरली की जादा पाणी तिच्यातून वाहून जाते आणि पातळी तिथेच राहते. बाहेर जाणाऱ्या बोगद्याचे तोंड ठराविक उंचीवर असेल, तर तोही हेच काम करील. पण मग एक गोष्ट ओघानेच येते: झऱ्यांतून येणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा कमी झाले, की पातळी उतरलीच पाहिजे. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. खाली बेसाल्ट खडक, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात साठेल तेवढेच पाणी. त्याच थरात आजूबाजूच्या विंधनविहिरी उतरल्या की चारशे वर्षांच्या विहिरीचा वाटा कमी होणारच. तो किती कमी झाला, हे दंतकथा सांगणार नाही. मोजावे लागेल.

मोजायला एक दोरी पुरते. दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा, टोकाला वजन बांधा, आणि कठड्यावर एक खूण ठरवून तिथूनच दरवेळी पाण्यापर्यंतचे अंतर घ्या. दोरी शिक्षकांनीच सोडावी, मुलांनी दूर उभे राहून गाठी मोजाव्यात आणि कोणीही खाली उतरू नये. बोगद्यांची तोंडे वरून दिसत असतील तर वाळले पान पाण्यावर टाकून पाहा. ते कोणत्या तोंडाकडे जाते आणि कोणत्या तोंडापासून दूर ढकलले जाते, यावरून पाणी कुठून येते व कुठे जाते याचा अंदाज बांधता येतो. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. शाळेला दोन वेळा पुरे: पावसाळा संपताना आणि उन्हाळ्यात.

पावसाळ्यानंतरची फेरी सप्टेंबरमध्येच व्हावी, असा आमचा आग्रह आहे. त्याचे कारण भूजलात नाही. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर पुष्कळ मुलेही जातात. डिसेंबरच्या सहलीत ती नसतात. सहलीची वर्गणी हा त्यांच्यापुढचा दुसरा अडसर, तोही सहा किलोमीटरच्या सहलीला फारसा उरत नाही. गावची विहीर पाहण्याचा पहिला हक्क ज्यांच्या घरचे पाण्यापायी गाव सोडतात त्यांचा, असे आम्हाला वाटते.

उन्हाळ्याच्या मापाला मात्र थोडी अडचण आहे. कारखान्यांचे पट्टे उशिरा पडले तर एप्रिल संपला तरी काही मुले परतलेली नसतात, आणि मेमध्ये शाळाच नसते. अशा वर्षी जूनमध्ये शाळा भरल्या भरल्या, पाऊस लागण्याआधी, दोरी घेऊन जावे. वहीत तारीख लिहावी आणि मृगाचा पाऊस आधी पडून गेला असेल तर तेही नोंदवावे.