काचेचे भांडे आणि तेलाचा थेंब

१६व्या शतकात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीत तीन वैद्यकपरंपरांची गाठ पडली. देशी वैद्य होतेच. रुस्तम जुर्जानी या हकिमाने फारसीत ‘जखीरा-ए-निजामशाही’ रचला. सालामांकाला शिकलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्याहून येऊन बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी. औषधांबाबत या परंपरांचे मतभेद होते, पण रोग्याचे मूत्र पाहण्याची रीत तिघींतही होती. युनानी हकिमाचा ‘कारूरा’ म्हणजे मूत्राची बाटली. इब्न सीनाने (मृत्यू १०३७) त्यातला रंग, दाटपणा, गाळ, फेस आणि वास कसा पाहावा हे बारकाईने लिहून ठेवले. युरोपातला वैद्यही काचेची कुपी उजेडात धरून रंग ताडून पाही.

आपल्याकडची पद्धत ‘योगरत्नाकर’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ सांगतो. रात्रीच्या चार घटका उरल्या की रोग्याला उठवावे, पहिली धार सोडून मधली काचेच्या भांड्यात धरावी आणि सूर्य उगवल्यावर गवताच्या काडीने त्यात तेलाचा एक थेंब सोडावा. थेंब पसरला तर रोग साध्य, तसाच राहिला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य. सापासारखा लांबला तर वात, छत्रीसारखा झाला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ.

हा तर शकुन, असा आक्षेप येईल. थेंब कोणत्या दिशेला सरकला यावरून आयुष्य सांगणे हा शकुनच, त्याची पाठराखण करता येणार नाही. पण पसरण्याचे निरीक्षण पोकळ नव्हते. मूत्रात पित्तक्षार उतरले की त्याचा पृष्ठताण घटतो. म्हणूनच पुढे काविळीत मूत्रावर गंधकाची पूड टाकून ती बुडते का, हे पाहू लागले. जुन्या वैद्यांना पृष्ठताण ठाऊक होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. कारण चुकले तरी नोंद खरी असू शकते, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रमेहाचे, म्हणजे मूत्रविकारांचे, २० प्रकार मांडणाऱ्या आयुर्वेदाने गोड मूत्राला मुंग्या लागतात हे फार आधी टिपले. ती गोडी साखरेची, हे इंग्रज वैद्य मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये दाखवले.

म्हणून या परंपरेचे मोल भाकितांवरून ठरवू नये, तिच्या शिस्तीवरून ठरवावे: ठरलेली वेळ, स्वच्छ काच, भरपूर उजेड. आज कारण जंतुसंसर्गाचे दिले जाते, पण लॅबमध्ये डबी हातात देताना सूचना तीच असते: पहिली धार सोडा, मधली धरा.