सुहैली

आमच्या पनवेलची ख्याती एके काळी चाकांबद्दल होती, हे आज गावात कुणाला सांगितले तर त्याला थट्टा वाटते. पण गोष्ट खरी आहे. घाटावरचे गाडीवान माल घेऊन बोरघाटाने खाली उतरत, पनवेल बंदरावर तो गलबतांत चढवून मुंबईला रवाना करीत, आणि परत जाताना इथल्या सुताराकडून चाकांची एक नवी जोडी घेऊन जात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरकर्त्यांनीही याची नोंद करून ठेवली आहे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता झाला तेव्हा हा धंदा भरभराटला, आणि १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली तेव्हा त्याला ओहोटी लागली. पुढे खाडी गाळाने भरली. गलबते गेली, गाड्याही गेल्या.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत चाके करणारे एक म्हातारे सुतार होते. धंदा जवळजवळ बसलेला. वर्षाकाठी दोन-चार जोड्या ते करीत, त्याही अधिक करून सवयीपोटी. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, भोवती पुठे, आणि सर्वांवर लाल होईतो तापवून चढवलेली लोखंडी धाव. धावेवर पाणी ओतले की ती आकसे आणि सारे चाक कचकन आवळून धरी. तो चर्रर्र आवाज ऐकायला आम्ही पोरे शाळा बुडवून उभी राहत असू. चैत्र-वैशाखात जवळपासच्या खेड्यांतून कुणी गाडीवान खिळखिळे झालेले चाक घेऊन आला, की म्हातारबाबा त्याला हत्यार न लावता सांगत, "वडाळे तळ्यात टाक दोन दिवस." मी एकदा विचारले, "आजोबा, मोडलेले चाक पाण्यात टाकून कसे दुरुस्त होईल?" ते म्हणाले, "मोडले कुठे आहे बाळा? तहानले आहे. झाड मेले तरी लाकडाची तहान मरत नाही."

हे वाक्य मी विसरूनही गेलो होतो. ते आठवले ते फार वर्षांनी, एका होडीची हकीकत वाचताना. होडी इंग्रज माणसाची, शर्यत इंग्लंडातली. पण तिचे लाकूड हिंदुस्थानातले आणि ते तासणारे हात मुंबईचे.

ती हकीकत सांगण्यापूर्वी मुंबईच्या जहाजबांधणीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आला आणि त्याच्या घराण्याने पुढे शंभरावर वर्षे इथल्या गोदीत जहाजे बांधली. इंग्रजांच्या आरमारासाठी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात सोडले गेले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशे वर्षे उलटली. यामागचे मुख्य गुपित सागवानात आहे. इंग्लंडातली जहाजे ओकच्या लाकडाची. ओकमध्ये आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यांना खाते आणि खिळ्यांचा गंज उलट लाकडाला खातो. सागवानात तेल असते. ते खिळ्यालाही सांभाळते आणि किडीलाही फारसे दाद देत नाही. आमच्या घरांच्या तुळया ज्या कारणाने चार पिढ्या टिकल्या, त्याच कारणाने ही जहाजे टिकली.

आता १९६३ साल. मुंबई आणि इराणी आखात यांच्या दरम्यान ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी चालत. त्यांपैकी 'द्वारका' या आगबोटीवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा चोविशीतला एक तरुण अधिकारी होता. त्याच्या मनाने घेतले, की नोकरीची मुदत भरल्यावर इंग्लंडला परत जायचे ते स्वतःच्या शिडाच्या होडीतून. होडी मुंबईतच बांधायची ठरली. आराखडा 'एरिक' या नावाचा होता. अमेरिकेतल्या विल्यम अ‍ॅटकिन याने तो १९२० नंतरच्या दशकात काढलेला, आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात बुडणाऱ्यांच्या सुटकेसाठी केलेल्या होड्यांत. दोन्ही टोकांना निमुळती, पोटाने रुंद, वजनाने जड. लांबी जेमतेम ३२ फूट, म्हणजे आमच्या शाळेच्या एका वर्गखोलीएवढी. वेगासाठी अशी होडी कोणी बांधीत नाही. ती बांधायची ती घरी परत येण्यासाठी.

कारागिरांनी ती आपल्या पद्धतीने बांधली. विजेची यंत्रे नव्हती. सागवानाचे ओंडके वाकसाने तासून काढले. भोके पाडली ती सामत्याने. सामता आजच्या पोरांनी पाहिलेला नसेल: कमानीची दोरी त्याला गुंडाळायची आणि सारंगी वाजवावी तशी कमान मागे-पुढे करायची, की तो गरगर फिरतो. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की वाकस धरलेला सुतार दोन्ही पायांच्या मध्ये घाव घालतो आणि त्याची नजर मात्र घावाच्या पुढे वीतभर असते. फळीला फळी शेजारी लावायची, मधल्या फटीत कापूस ठोकून कोंबायचा. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगते, कापूस दाबला जातो आणि फट मिटते. म्हणजे सुताराचे अर्धे काम पाणीच पुरे करते. आमच्या म्हातारबाबांच्या चाकाहून यात निराळे काय आहे?

१९ डिसेंबर १९६४ रोजी होडी पाण्यात उतरली. तिचे नाव 'सुहैली'. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. अरबीत 'सुहैल' हा दक्षिणेचा तेजस्वी तारा, आणि हा सुहैल म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून आपला अगस्त्य! ज्याने एका आचमनात समुद्र प्राशन केला आणि ज्याच्या उदयाने पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते असे आपले वाडवडील मानीत, तो. नाव ठेवणाऱ्याला ही कथा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मला ते नाव या होडीला फार शोभून दिसते.

१९६५ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन आपला भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन मुंबईहून निघाला. दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचेतो पैसे संपले. तिथे थांबून काम करून पैसे जमवले आणि १९६७ मध्ये होडी इंग्लंडला लागली. त्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर हे वृद्ध गृहस्थ एकट्याने, वाटेत फक्त सिडनीला थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले होते. उरले होते ते एवढेच: एकट्याने आणि कुठेही न थांबता. लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्राने १९६८ साली त्यासाठी शर्यत जाहीर केली. पहिल्या येणाऱ्यास सोन्याचा गोल, सर्वांत वेगवान फेरीस पाच हजार पौंड.

या तरुणाला खरे तर नवी पोलादी होडी हवी होती. तिच्यासाठी पैसे देणारा कोणी भेटला नाही. तेव्हा निरुपायाने त्याने मुंबईच्या त्या जड, जुन्या घाटाच्या होडीकडे पाहिले. मला या शर्यतीतला हाच प्रसंग सर्वांत आवडतो. घरात मोठ्या मुलीचे लग्न निघावे, शालू घ्यायला पैसे नसावेत, आणि आईने ट्रंकेच्या तळातून आपली पैठणी काढावी, तसे काहीसे हे झाले.

मग तयारी. एका माणसाला दहा महिने पुरेल एवढे अन्न ३२ फुटांत कोंबायचे होते. डबे शेकड्यांनी. खाऱ्या दमट हवेत डब्यांवरचे कागद सुटून येतात आणि पत्रा गंजतो, म्हणून कागद काढून, रंगाने खुणा करून डब्यांना रोगण द्यायचे. पिण्याचे पाणी, शिडे, दोर, सुया, दाभण, खिळे, डांबर, कापूस. एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही, म्हणून वाऱ्याच्या बळावर होडीला दिशेवर ठेवणारी जोडणी स्वतः तयार करून बसवली. संसार मांडणाऱ्या बाईला जेवढे धोरण लागते त्याहून हे धोरण कमी नव्हे. चूक झाली तर शेजारणीकडे वाटी घेऊन जाण्याची सोय नाही.

१४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून 'सुहैली' निघाली. तिच्या धन्याचे वय तेव्हा २९. एकूण नऊजण या शर्यतीत उतरले होते, आणि पुष्कळांच्या होड्या तिच्याहून वेगवान होत्या.

अटलांटिकमध्ये, प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात, होडीत पाणी येऊ लागले. तपासता असे दिसले, की डोलकाठीच्या खाली, तळाशी, दोन्ही बाजूंच्या फटी उघडल्या आहेत. इथे मुंबईच्या कारागिरीचा कमीपणा मी झाकून ठेवणार नाही. सांधा उघडला तो उघडला. पण पुढे काय झाले ते पाहा. हा गृहस्थ पाण्यात उतरला. शार्क माशांना अंगाचा गोरेपणा दिसू नये म्हणून गडद कपडे घालून. एका दमात कापूस ठोकणे जमेना, तेव्हा वर येऊन त्याने कापूस कॅनव्हासच्या लांब पट्टीला शिवून टाकला, पट्टीला डांबर चोपडले आणि ती पट्टी खिळ्यांनी फटीवर बसवली. पुढे तिच्यावर तांब्याची पट्टीही ठोकली. मधेच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. हे सारे खोल समुद्रात, एकट्याने. पोलादी होडी फाटली असती तर तिथे काय करता आले असते? लाकडाची होडी माणसाच्या हातांनी बांधलेली, म्हणून ती माणसाच्या हातांनी, हातोडी आणि कापूस एवढ्यावर, सुधारता आली.

पुढचे हाल थोडक्यात सांगतो. आफ्रिकेच्या टोकाखाली लाटेने होडी आडवी केली, खोलीचे छप्पर जागचे हलले. पिण्याचे साठवलेले पाणी नासले, पावसाचे पाणी शिडांतून गोळा करावे लागले. रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियाजवळ ती सुकाणूची जोडणी मोडली. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर होडी वाळूत रुतून पुन्हा सुटली, आणि त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ जगाला त्याची काहीच खबर नव्हती. इकडे स्पर्धक गळत चालले. कुणी थोड्या दिवसांतच परतले. फ्रान्सचा मॉइतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे वळला. टेटलीची होडी परतीच्या वाटेवर बुडाली. क्रोहर्स्टने खोटे मुक्काम कळवले आणि त्या खोटेपणाच्या भाराने त्याचा अंत झाला. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, 'सुहैली' फालमथला परत आली. जकातीचा अधिकारी नेहमीप्रमाणे विचारता झाला, कुठून आलात? उत्तर होते, फालमथहून. शर्यत पुरी करणारी ती एकटीच. पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टनने क्रोहर्स्टच्या विधवेला आणि मुलांना देऊन टाकले.

या शर्यतीच्या कथेत खलाशाचे नाव येते, आराखडा काढणाऱ्याचे येते, पारितोषिक देणाऱ्या पत्राचेही येते. सामता फिरवणाऱ्याचे येत नाही. वाडियांची नावे टिकली, कारण ते धनी होते.

म्हणून पुढची हकीकत मला विशेष समाधानाची वाटते. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात होते, की हिंदी माणसाने हिंदी होडीतून एकट्याने प्रदक्षिणा करावी. त्यांच्या या ध्यासातून गोव्यात मांडवीच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' बांधली. कमांडर दिलीप दोंदे शिकण्यासाठी गेले ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. २००६ साली ते एका शर्यतीची तयारी करीत होते, तिथे दोंदे यांनी हाताखाली काम केले. दोंदे २०१० मध्ये, चार मुक्काम करून, प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस आले. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता ती केली. आणि जुन्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली तशीच शर्यत, उपग्रहावरून वाट दाखवणाऱ्या यंत्रांशिवाय, पुन्हा भरवली गेली, तेव्हा टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी त्याच 'एरिक' आराखड्यावर 'तुरिया' बांधली. यावेळी बांधणाऱ्याचे नाव जगभर छापून आले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात 'तुरिया'ची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. होडी उलटली होती, पण बुडाली नव्हती. हाच गृहस्थ पाठ सुधारून २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला.

राहिली मूळची 'सुहैली'. १९९७ साली तिला लंडनजवळ ग्रीनिचच्या मोठ्या संग्रहालयात मानाने नेऊन ठेवले. ऊन नाही, पाऊस नाही, हवा कोरडी आणि नेमकी मोजलेली. आणि तिथे तिच्या फळ्या आकसू लागल्या. तीन महासागरांनी जे केले नव्हते ते त्या कोरड्या हवेने आरंभले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ मध्ये तिला तिथून बाहेर काढले, गंजलेले खिळे आणि बोल्ट स्वतः खपून बदलले, आणि २०१६ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, तिला पुन्हा पाण्यात सोडले.