बडतर्फी, कामगारांची
बडतर्फी, कामगारांची : गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून मालकाने कामगाराची सेवा संपुष्टात आणणे, यास बडतर्फी म्हणतात. कामाची गरज उरली नाही म्हणून कामगार कमी केल्यास ती कामगारकपात, तर कोणताही ठपका न ठेवता नोकरीच्या अटींनुसार सेवा संपविल्यास ती सेवामुक्ती होय. व्यवहारात ‘कामावरून काढले’ या एकाच शब्दप्रयोगात हे तिन्ही प्रकार येतात. परंतु कायद्याने मिळणारे संरक्षण प्रत्येक प्रकारात भिन्न असते. गैरवाजवी बडतर्फीविरुद्धचे हक्क भारतात एकाच कायद्याने एकदम मिळालेले नाहीत. ते सुमारे पाऊण शतकात टप्प्याटप्प्याने प्रस्थापित झाले आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अंमलात नोकरी हा मालक व नोकर यांच्यातील खाजगी करार मानला जाई. करार अन्यायाने मोडला, तरी दिवाणी न्यायालय नुकसानभरपाईच देऊ शके आणि तीही बहुधा नोटिशीच्या मुदतीच्या पगाराइतकी. मुंबईच्या कापडगिरण्यांत प्रत्यक्ष सत्ता जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या हाती असे. तोच गावाकडून माणसे आणी, कामावर लावी आणि मर्जी फिरली की काढूनही टाकी. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ मध्ये सादर केलेल्या अहवालात, कामगार नेमण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडे ठेवू नये, अशी शिफारस केली. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियमाने कारखान्यातील गैरवर्तनाच्या व्याख्या व शिक्षेची पद्धत लेखी स्वरूपात जाहीर करणे मोठ्या मालकांवर बंधनकारक केले. शिस्तीचे नियम कामगाराला वाचावयास मिळाले, ती ही पहिली पायरी होय.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ : १ एप्रिल १९४७ रोजी अंमलात आलेल्या या अधिनियमामुळे कामगार व मालक यांच्यातील विवाद न्यायाधिकरणापुढे नेण्याची सोय झाली. काढलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते काय, हा प्रश्न मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात उपस्थित झाला. १९४९ मध्ये संघ न्यायालयाने (फेडरल कोर्ट) याचे उत्तर होकारार्थी दिले. खाजगी कराराच्या कल्पनेला पडलेला हा मोठा छेद होता. कारण यापुढे नोकरी गेल्याचा उपाय केवळ पैसा नसून स्वतः नोकरी हाही ठरला.

१९५३ च्या दुरुस्तीने कामगारकपातीवर अटी घातल्या. बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस वा तिच्याऐवजी पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिल्यावाचून कपात करता येईना. शेवटी आलेल्यास प्रथम कमी करावे, तसेच पुढे भरती करताना कपात झालेल्यांना अग्रक्रम द्यावा, हे नियमही त्याच वेळी आले.

तथापि दोन मोठ्या उणिवा राहिल्या. एका कामगाराची बडतर्फी हा औद्योगिक विवाद नव्हे; संघटनेने वा बहुसंख्य सहकाऱ्यांनी ती उचलून धरल्यासच तो होतो, असे मत १९५० नंतरच्या दशकात न्यायालयांत प्रबळ झाले. त्यामुळे संघटना नसलेला कामगार निराधार राही. १९६५ मध्ये कलम २-अ घालून ही उणीव दूर करण्यात आली. दुसरी उणीव चौकशीसंबंधी होती. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात न्यायाधिकरणाच्या हस्तक्षेपाच्या मर्यादा सांगितल्या : मालकाचा हेतू शुद्ध नसणे, सूडबुद्धी वा अनुचित प्रथा, नैसर्गिक न्यायाचा भंग आणि पुराव्याशी सर्वस्वी विसंगत निष्कर्ष. शिक्षा फार कठोर आहे, एवढ्यावरून न्यायाधिकरणास सहसा हात घालता येत नसे. १९७१ मध्ये आलेल्या कलम ११-अ ने पुराव्याची फेरतपासणी करण्याचा व शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार कामगार न्यायालयांना दिला.

महाराष्ट्राचा अधिनियम : केंद्रीय कायद्यात आणखी एक अडथळा होता. विवाद न्यायालयाकडे पाठवावयाचा की नाही, हे शासन ठरवी. समेट अधिकाऱ्याकडील बोलणी फिसकटल्यावर शासनाच्या निर्देशाची वाट पाहण्यात काळ जाई. महाराष्ट्र शासनाने १४ फेब्रुवारी १९६८ रोजी अनुचित कामगार प्रथांविषयी एक समिती नेमली. तिच्या अहवालानंतर झालेला ‘महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१’ हा ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्याच बाबीत बडतर्फीचे अनुचित प्रकार नोंदलेले आहेत. सूडबुद्धीने काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवून काढणे, उघडउघड असत्य कारण देणे, विनापरवाना गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवणे, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसविणे व क्षुल्लक चुकीसाठी धक्कादायक शिक्षा देणे, हे त्यांतील प्रमुख होत.

या अधिनियमाने बडतर्फ कामगाराला नव्वद दिवसांच्या आत स्वतःच थेट कामगार न्यायालयात तक्रार करण्याचा आणि निकालापूर्वी अंतरिम आदेश मागण्याचा मार्ग खुला केला. केंद्रीय कायद्यात अशी थेट दाद २०१० च्या दुरुस्तीने मिळाली. म्हणजे महाराष्ट्र या बाबतीत पस्तीस वर्षे पुढे होता. मात्र एका कायद्याखाली कार्यवाही सुरू केल्यावर त्याच विषयासाठी दुसऱ्याचा आश्रय घेता येत नसल्यामुळे, मार्गाची निवड प्रारंभीच विचारपूर्वक करावी लागे.

पिंपरी-चिंचवड पट्टा : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी परिसरात मोटारी, स्कूटर व यंत्रभाग यांचे कारखाने वाढले. पुढे हा विस्तार खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचला. पवना नदीकाठचे थेरगाव चिंचवडच्या कारखान्यांपासून जवळ असल्यामुळे शेतीच्या गावाचे रूपांतर कामगारवस्तीत झाले. या पट्ट्यात बडतर्फी हा केवळ न्यायालयीन प्रश्न राहिला नाही. टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पिंपरी कारखान्यातील १९८८-८९ च्या संघर्षात वेतनकराराबरोबरच टेल्को कामगार संघटनेचे नेते राजन नायर यांची बडतर्फी हाही कळीचा मुद्दा होता. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यापुढे उपोषण आरंभिले व ते पोलिसांनी मोडून काढले.

१९९० नंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. कायम कामगारांच्या जोडीला कंत्राटी, हंगामी व प्रशिक्षणार्थी कामगारांचे प्रमाण वाढले. कारखान्याच्या फाटकावर उद्यापासून येऊ नकोस असे तोंडी सांगितलेल्या माणसाला आपला मालक कोण, हेच प्रथम सिद्ध करावे लागते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स व सिप्ला या महाराष्ट्रातील दोन प्रकरणांत असे ठरविले की, मालक-कामगार हे नातेच विवाद्य असेल, तर १९७१ च्या अधिनियमाखाली तक्रार चालणार नाही. ते नाते आधी अन्य कायद्याखाली प्रस्थापित झाले पाहिजे. २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, असेही २००२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. परिणामी नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची नोंद व कारखान्याचे ओळखपत्र हे कागद हक्काइतकेच महत्त्वाचे ठरले.

न्यायालयांनी काही बाबतींत कामगाराची बाजू बळकटही केली. सतत गैरहजर राहिल्यामुळे नोकरी आपोआप संपली, असे मालकास म्हणता येत नाही. बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते, असा निर्णय १९९३ मध्ये झाला. बडतर्फी बेकायदेशीर ठरल्यास मागील वेतनासह कामावर घेणे हाच सर्वसाधारण नियम होय, असे २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगण्यात आले. कामावर घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वरिष्ठ न्यायालयात गेल्यास, त्या काळात कामगाराला शेवटच्या पगाराइतकी रक्कम देण्याचे बंधन १९८४ पासून आहे.

संहितेचा काळ : २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली आणि केंद्राचे १९२६ (कामगार संघ), १९४६ (स्थायी आदेश) व १९४७ (औद्योगिक विवाद) चे तीन अधिनियम रद्द झाले. एकट्या कामगाराच्या बडतर्फीस औद्योगिक विवाद मानण्याचे तत्त्व संहितेत कायम आहे. मात्र समेटासाठीची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, स्थायी आदेश तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते उरले आणि निश्चित मुदतीची नोकरी मुदतीअखेर संपणे ही कपात नव्हे, असे स्पष्ट झाले. निलंबनकाळात पहिले नव्वद दिवस निम्मे व त्यानंतर पाऊणपट वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे लागते. त्याच वेळी अंमलात आलेल्या अन्य संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे आणि काढलेल्या कामगाराचे देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते.

कायद्याने नोकरीची शाश्वती कधीच दिलेली नाही; दिली ती कारण ऐकण्याची, उत्तर देण्याची व त्रयस्थाकडून तपासणी करून घेण्याची हमी. ही हमी संघटित कायम कामगाराला बऱ्याच अंशी लाभली. थेरगाव-चाकणच्या कंत्राटी कामगाराला ती लाभणे मात्र दोन गोष्टींवर अवलंबून आहे : आपण कामगार असल्याचा कागद हाती असणे आणि मुदत संपण्यापूर्वी योग्य दारी पोहोचणे. नियुक्तिपत्राची सक्ती प्रत्यक्षात किती पाळली जाते, यावरच नव्या संहितांखालील त्याच्या हक्कांचे खरे मोल ठरेल.