खिडकीचा उजेड आणि दुसऱ्याचा कुंचला

श्रोतेहो, दृक्प्रत्ययवादी चित्रकार म्हटले की उन्हातली शेते, नदीचे पाणी, गवताच्या गंजी असेच काही डोळ्यांपुढे येते. पण ही मंडळी घरात बसूनही चित्रे रंगवीत. खोलीत बसलेल्या माणसाचे तैलचित्र या रीतीने काढणे माझ्या मते अधिक कठीण. माळावर ऊन चहूकडे सारखे. खोलीत ते एकाच खिडकीतून यायचे, पडद्यातून गाळून यायचे, भिंतीवरून परतायचे; माणसाच्या गालावर पोचेपर्यंत त्याचा रंगच पालटलेला. हे शिकायचे कसे? पॅरिसमध्ये एक बाई ते कशा शिकल्या, तेवढे आज सांगतो.

त्यांचे नाव बेर्त मोरिझो, जन्म १८४१. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना दार उघडले ते १८९७ साली. तेव्हा बेर्त आणि तिची बहीण एदमा घरी शिक्षक ठेवून शिकल्या, लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करीत बसल्या, पुढे कोरो या निसर्गचित्रकाराकडून धडे घेतले. १८६९ साली एदमाचे लग्न झाले आणि तिचा कुंचला थांबला. (हे काही फ्रान्समध्येच घडते असे नाही.) बेर्त मागे हटली नाही.

जुन्या रीतीत कॅनव्हासला तपकिरी अस्तर देत, सावल्या काळसर धरीत, थरावर थर चढवून अंग असे घोटून काढीत की कुंचल्याची खूणही दिसू नये. नवी रीत उलटी. अस्तर फिकट, ओल्या रंगावरच दुसरा ओला रंग, सावलीत काळ्याऐवजी निळा, जांभळा, आणि एकदा फटकारा मारला की त्याला हात लावायचा नाही. हे शेवटचे ऐकायला सोपे, पण करून पाहा! हात सारखा तिथेच वळतो, जरा घोटावे म्हणून.

१८६९-७० च्या हिवाळ्यात एदमा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. बेर्तने आई आणि बहीण दोघींचे दिवाणखान्यातले चित्र काढले. ते ‘सलोन’ या मोठ्या प्रदर्शनाला जायचे होते. मनात धाकधूक होतीच. ऐन पाठवायच्या दिवशी स्नेही एद्वार माने घरी आले. (नावावरून आपल्याकडचे वाटतील, पण हे पॅरिसचेच नामांकित चित्रकार.) आईच्या झग्याची खालची कड तेवढी सुधारतो, म्हणून त्यांनी कुंचला घेतला. कडेवरून हात धडाकडे गेला, धडावरून चेहऱ्याकडे. थांबेनात! इकडे चित्र न्यायला गाडी दाराशी उभी. चित्र तसेच गेले. ते नाकारले जावे, एवढीच आता बेर्तची आशा उरली होती. पण ते स्वीकारले गेले आणि १८७० च्या प्रदर्शनात लागले.

आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याची छापील प्रत हाती आली तर नीट पाहा. आईचा काळा झगा रुंद, सपाट फटकाऱ्यांचा. एदमाचा पांढरा झगा हलक्या, नाजूक हाताचा. एका कॅनव्हासवर दोन माणसे बोलताहेत. मान्यांच्या मनात वाईट काही नव्हते, आणि चितारी म्हणून ते थोरच. चित्रकलेच्या तासाला मुलाच्या हातची पेन्सिल घेऊन त्याच्या घोड्याचा पाय आपणच नीट करून देतो ना, शिक्षकबंधूंनो, तसेच ते झाले.

दोन वर्षांनी, १८७२ साली, बेर्तने पुन्हा एदमालाच बसवले. या चित्राचे नाव ‘पाळणा’. हातावर गाल टेकून आई निजलेल्या बाळाकडे पाहते आहे आणि मध्ये पाळण्यावरची झिरझिरीत जाळी आहे. ती पांढरी दिसते. पण जवळून पाहा, निळसर, राखी, गुलाबी असे कितीतरी रंग तिच्यात आहेत. जाळीआडचे बाळ दिसते न दिसते. कुठे घोटलेले नाही. एप्रिल १८७४ मध्ये सलोनला डावलून या नव्या चित्रकारांनी आपले पहिले प्रदर्शन भरवले, तेव्हा ‘पाळणा’ त्यात होते. गिऱ्हाईक मिळाले नाही. चित्र घरातच राहिले, आणि १९३० साली लूव्रने ते विकत घेतले.